पाळतीच्या प्रतीक्षेत

ऑरवेलचं '१९८४' पुष्कळ जण वाचतात. वाचून हबकतात, दोन-चार दिवस लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावतात आणि पट्टीचा गोंद सुटला की पुस्तकही विसरतात. दिनूकाका विसरले नाहीत. निवृत्तीनंतर लोक हास्यक्लबात जातात, भजनी मंडळात जातात. काका डिस्टोपियात गेले. जगात काहीही घडो, ते कुठल्या कादंबरीत आधीच घडून गेलंय हे जाहीर केल्याशिवाय त्यांना चहा जात नाही. असा एखादा गृहस्थ हल्ली प्रत्येक कट्ट्यावर भेटतो. पण बहुतेकांनी ही पुस्तकं ऐकलेली असतात. काकांनी वाचली आहेत, त्यामुळे त्यांना थांबवता येत नाही.

बातमी आणि पुस्तक किंवा चित्रपट यांची ते रीतसर पत्रिका जुळवतात. चौकात चेहरा ओळखणारे कॅमेरे लागणार? ऑरवेल, छत्तीसपैकी तीस गुण. माणसं जेवताना रील बघतात? हक्सले, बत्तीस. वाढदिवसाला केक कापतानाही सगळे कॅमेऱ्याकडे बघून हसतात? 'ट्रूमन शो', पूर्ण छत्तीस, नाडीदोष नाही. 'मेट्रिक्स'ला मात्र त्यांच्या मते कडक मंगळ आहे. सगळंच जग खोटं म्हटल्यावर गुण मोजायचे कसे आणि मोजणारा तरी खरा कशावरून?

ऑरवेलशी त्यांचं नातं व्यावसायिक आहे. काकांची नोकरी एका कार्यालयाच्या अभिलेख कक्षात गेली. कादंबरीतला विन्स्टन स्मिथ सत्य मंत्रालयाच्या अभिलेख विभागात बसून जुने पेपर दुरुस्त करतो. काल जे छापलं ते आजच्या सोयीचं नसेल तर कालचं बदलायचं, हेच त्याचं काम. "आम्हीही तेच केलं," काका सांगतात. "पत्र आज आलं, साहेबांना ते मागच्या महिन्यात यायला हवं होतं. मग आवक रजिस्टरमध्ये दोन नोंदींच्या मधे बारीक अक्षरात घुसवायचं. त्याच्यासाठी मी प्रत्येक पानावर एक ओळ कोरी सोडायचो." हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर पश्चात्ताप नसतो. हुशार माणसाला आपली जुनी हुशारी आठवावी तसा आनंद असतो.

पण त्यांचा खरा अभिमान ऑरवेल नाही. ऑरवेल काय, कुणीही सांगेल. काकांचा हुकमी पत्ता झाम्यातिन. समोरचा 'बिग ब्रदर' म्हणाला की काका त्याला बोलू देतात, मान डोलावतात आणि मग सावकाश विचारतात, "झाम्यातिन वाचलायत?" कुणीच वाचलेला नसतो. मग काका खुर्ची पुढे ओढतात. येव्गेनी झाम्यातिन, जहाजबांधणीचा इंजिनियर. पहिल्या महायुद्धात इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला रशियासाठी बर्फफोडी जहाजं बांधून घ्यायला गेलेला. परतल्यावर १९२०-२१ मध्ये त्याने 'आम्ही' ही कादंबरी लिहिली. इंग्रजीत ती १९२४ साली आली. त्याच्या स्वतःच्या देशात छापून यायला १९८८ उजाडलं. १९३१ साली त्याने थेट स्टालिनलाच पत्र लिहून देश सोडायची परवानगी मागितली आणि आश्चर्य म्हणजे ती मिळाली. 'आम्ही'मधल्या राज्यात माणसांना नावं नाहीत, क्रमांक आहेत. नायक डी-५०३. घरं काचेची. कुणीही कुणाकडेही बघावं. पडदा ओढायचा तर गुलाबी कुपन लागतं आणि ते कशासाठी मिळतं हे काका काकूंसमोर सांगत नाहीत.

त्या राज्यात प्रत्येक घास पन्नास वेळा चावायचा, असा कायदा आहे. सगळ्यांनी एकाच तालावर. काकांना हे फार भयंकर वाटतं. काकू म्हणाल्या, "तुमचे वडील बत्तीस वेळा चावायला लावायचे. मी नवी सून, सगळे घास मोजतायत आणि माझी आमटी गार होतेय." आणि तिथलं अन्न खनिज तेलापासून बनवतात हे कळल्यावर तर काकूंनी पोळी लाटणं थांबवून विचारलं, "म्हणजे स्वयंपाक नाहीच?" त्या प्रश्नातली आशा काकांपर्यंत पोचली नाही. ते एकदम व्यक्तिस्वातंत्र्यावर गेले.

हक्सले की ऑरवेल, हा त्यांच्या आयुष्यातला न मिटलेला वाद आहे. ऑरवेल म्हणतो माणसाला भीतीने ताब्यात ठेवतील. हक्सलेच्या १९३२च्या 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड'मध्ये भीतीची गरजच पडत नाही. बाटलीत जन्म, झोपेत शिकवण आणि मन जरा उदास झालं की सोमाची गोळी. हे नाव आपल्या वेदांतून उचललेलं, हे सांगताना काकांची छाती किंचित फुगते, मग हे कशासाठी उचललं ते आठवून खाली बसते. गंमत म्हणजे हे दोघे लेखक एकमेकांना ओळखत होते. ईटनच्या शाळेत हक्सले काही काळ मास्तर होता आणि ऑरवेल विद्यार्थी. पुढे १९४९ मध्ये '१९८४' वाचून मास्तरने पत्र लिहिलं. कौतुक केलं आणि वर सुचवलं की शेवटी जग माझ्या पुस्तकाच्या वाटेनेच जाईल. काका म्हणतात, मास्तर तो मास्तर. विद्यार्थ्याचा पेपर तपासताना स्वतःचे मार्क वाढवून गेला.

याहून मोठी गंमत काकांनी एकदा रात्री साडेदहाला फोन करून सांगितली. ऑरवेलचा जन्म १९०३चा, आपल्या बिहारमधल्या मोतीहारीचा. वडील इंग्रज सरकारच्या अफू खात्यात नोकरीला. "म्हणजे बघ," काका म्हणाले, "गुंगीचा सरकारी कारभार ज्याच्या घरात, त्याने लिहिली भीती. आणि गुंगीवर लिहिलं दुसऱ्यानेच!" एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. मला नंतर बराच वेळ झोप लागली नाही. काकांच्या बाजूने ही तक्रार नसून प्रशस्तिपत्र आहे.

मला स्वतःला विचाराल तर या सगळ्यांत आपल्या सर्वांत जवळ पोचला तो फॉर्स्टर. 'द मशीन स्टॉप्स' ही त्याची कथा १९०९ची. टीव्ही नव्हता, रेडिओही घरोघर नव्हता. माणसं जमिनीखाली एकेकट्या खोल्यांत राहतात, यंत्र सगळं पुरवतं, एकमेकांशी गोल तबकडीतून बोलतात. पृथ्वीच्या पलीकडच्या टोकाला राहणारा मुलगा आईला म्हणतो, प्रत्यक्ष भेटायला ये. आईला कळतच नाही. दिसतोयस की, आणखी काय भेटायचं? या कथेवर काका फार बोलत नाहीत. त्यांचा मुलगा न्यू जर्सीला असतो. रविवारी सकाळी फोनवर दिसतो. काका फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवतात आणि अर्धा तास मुलाला त्यांचं कपाळ दिसतं.

ब्रॅडबरीचं 'फॅरेनहाइट ४५१' त्यांनी काकूंवर शस्त्र म्हणून वापरून पाहिलं. त्यात अग्निशामक दलवाले आग विझवत नाहीत, पुस्तकं जाळतात. नायकाच्या बायकोच्या दिवाणखान्यात तीन भिंतींएवढे टीव्ही आहेत, त्यातली पात्रं म्हणजे तिचं कुटुंब आणि आता तिला चौथी भिंतही हवी आहे. १९५३ साली लिहिलंय, काका बोट उगारून म्हणाले. काकू मालिका बघत होत्या. जाहिरात लागेपर्यंत थांबल्या आणि म्हणाल्या, "तीन भिंतींना टीव्ही, मग तुमची पुस्तकांची कपाटं ठेवायची कुठे?" 'मेट्रिक्स'मधला सायफर नावाचा फितूर काकूंना आवडतो. समोरचं मांस खरं नाही, यंत्र आपल्या मेंदूला फसवतंय, हे ठाऊक असूनही तो चवीने खातो. "खोटं असलं तरी गरम आहे ना," काकू म्हणाल्या. १९९९पासून या चित्रपटावर चाललेल्या तत्त्वचर्चेत मला इतकं थेट वाक्य सापडलेलं नाही.

या पुस्तकांच्या वाचकांचं एक पाहून ठेवण्यासारखं आहे. '१९८४' वाचून आजवर कुणी म्हटलेलं नाही की मी पार्सन्स. पार्सन्स म्हणजे विन्स्टनचा शेजारी. मेळाव्यांत, वर्गणीत सगळ्यांच्या पुढे. झोपेत सरकारविरुद्ध बरळला म्हणून पोटच्या सात वर्षांच्या मुलीने त्याला पकडून दिलं आणि कोठडीत बसूनही त्याला लेकीचा अभिमान. आपल्या आजूबाजूला पार्सन्स किती आणि विन्स्टन किती, हे कुठल्याही सोसायटीच्या वार्षिक सभेत मोजता येईल. पण वाचताना सगळे विन्स्टन. 'ट्रूमन शो' बघताना सगळे ट्रूमन, ज्याचं अख्खं आयुष्य त्याच्या नकळत टीव्हीवर दाखवलं जातंय. ज्याच्या आकाशातून एक दिवा खाली पडतो, त्याच्यावर व्याधाच्या ताऱ्याचं नाव असतं आणि मग ज्याचे डोळे उघडतात, तो. घरी बसून तीस वर्षं तो कार्यक्रम चघळणारे प्रेक्षक आपण असू, हे कुणाच्या मनात येत नाही.

आणि एक दिवस काकांनी स्वतःच मला आतली गोष्ट सांगितली. विन्स्टन स्मिथ कोण? एकोणचाळीस वर्षांचा, पायाला जखम असलेला किरकोळ कारकून. त्याच्यावर सरकारने सात वर्षं पाळत ठेवली. त्याची रोजनिशी चोरून वाचली आणि उघडली तर कळावं म्हणून त्याने तिच्यावर ठेवलेला धुळीचा कणसुद्धा परत होता तिथे ठेवला. "सात वर्षं रे!" काका म्हणाले. आवाजात राग नव्हता. "आमच्या साहेबांनी माझी टिप्पणी सात मिनिटं वाचली नाही."

काका सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर पाळतखोर राज्यांबद्दल लांबलचक लिहितात. उत्तरात जोडलेले हात येतात. एकाने त्यांना वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या. आपला फोन आपलं बोलणं ऐकतो, अशी काकांची पक्की खात्री होती, म्हणून त्यांनी महिनाभर फोनसमोर मुद्दाम स्फोटक मतं मांडली. फोनने गुडघ्याच्या पट्ट्याची जाहिरात दाखवली. नंतर तेलाची. मग श्रवणयंत्राची, हप्त्यांवर. काका खचले. इतकी मोठी यंत्रणा, इतके संगणक, आणि त्यांना माझ्या गुडघ्यापलीकडे काही दिसत नाही?

आमच्या इमारतीत येणाऱ्याला फाटकावरच्या रजिस्टरमध्ये नाव लिहावं लागतं. काकांचा याला तात्त्विक विरोध. म्हणून आमच्याकडे येताना ते दर वेळी तिथे 'विन्स्टन स्मिथ' असं लिहितात, पुढे कामाच्या रकान्यात 'विचारगुन्हा'. हे बराच काळ चाललं होतं. परवा मी खाली उतरत होतो तेव्हा वॉचमनने त्यांना हाक मारली. "ओ स्मिथकाका, जरा इकडे या." काका जागच्या जागी थबकले. मग वळले, सदरा नीट केला आणि अटकेला सामोरा जाणारा माणूस जाईल तसे, ताठ मानेने, टेबलापाशी गेले.

"मोबाईल नंबर लिहायचा राहतो तुमचा दरवेळी," वॉचमन म्हणाला.

काकांनी पेन घेतलं आणि खरा नंबर लिहिला. दहाच्या दहा आकडे, ठळक, वाचता येतील असे. आणि खाली कंसात, संध्याकाळी सहानंतर केव्हाही.