कृपया प्रेमाने सांभाळू नये

उन्हाळ्याच्या सुटीत लखनौहून सांगलीला जायचं ठरलं की आमच्या घरात तिकिटांच्याही आधी एक प्रश्न निघतो. बाळूचं काय? बाळू म्हणजे आमचा लॅब्रेडॉर. गोमतीनगरात सगळे त्याला ‘भालू’ म्हणतात, आणि त्याचा घेर बघता त्यांची चूक काढायला तोंड उघडत नाही.

दत्तगुरूंचं बरं होतं. काशीला स्नान, करवीरात भिक्षा, माहूरला शयन. म्हणजे उत्तर प्रदेश ते महाराष्ट्र रोजची ये-जा, आणि सोबत एक नाही, चार कुत्री. त्यांना कुणी पार्सल ऑफिसात पाठवलं नाही. आम्हाला पाठवतात. कुत्र्याला शेजारी बसवून न्यायचं असेल तर फर्स्ट एसीचं अख्खं कूपे नाहीतर अख्खी केबिन आपल्या नावावर लागते, आणि ती मिळाली की नाही हे चार्ट लागेपर्यंत कळत नाही. टू टियर, थ्री टियर, स्लीपर, सगळीकडे मज्जाव. उरते ती गार्डाच्या डब्यातली पेटी. पुष्पक एक्स्प्रेसला ती मी वाकून पाहिली आहे. लोखंडी, काळोखी, आणि जूनमध्ये हात लावला तर चटका बसेल अशी. त्यात कुत्र्याला पाणी पाजायचं तर मालकाने कानपूरला, झाशीला, भोपाळला उतरून मागच्या डब्यापर्यंत पळत जायचं आणि गाडी सुटायच्या आत परत यायचं. आमच्या ह्यांच्या गुडघ्यांकडे बघून तो बेत सोडला.

नवाब वाजिद अली शाहांची तऱ्हा वेगळी. १८५६ साली इंग्रजांनी अवध घशात घातलं आणि त्यांना लखनौ सोडावं लागलं. कलकत्त्याजवळ मटियाबुर्जला जाऊन त्यांनी नवंकोरं प्राणिसंग्रहालयच उभं केलं. वाघ होते, पक्षी होते, सापांचीसुद्धा निराळी सोय होती. इथल्या चिडियाघराला आज त्यांचंच नाव आहे. पण हे सगळं पेन्शनीत नवाबांना जमतं, बँकेच्या एलटीसीत बसत नाही.

मग शेजारी. लखनौच्या शेजाऱ्याइतका दिलदार माणूस भारतात नसेल आणि माझी तक्रार नेमकी तीच आहे. आम्ही नुसता विषय काढला, तर शेजारचे भाईसाहब छातीवर हात ठेवून म्हणाले, “आप बेफ़िक्र होकर जाइए। ये हमारे मेहमान हैं।” मी बाळूच्या जेवणाचा कागद दिला. सकाळी इतकं, संध्याकाळी इतकं, मधे काही नाही. भाभीजींनी तो आदराने घेतला आणि फ्रिजवर चुंबकाने लावला. तो आम्ही परतलो तेव्हाही तिथेच होता, न वाचलेला.

मेहमानाला इथे ‘नाही’ म्हणत नाहीत. त्यातून दिवस मलिहाबादच्या दशहरीचे. नाश्त्याला आंबा, दुपारी शीरमालचा तुकडा, संध्याकाळी भाईसाहब चौकातून कबाब आणणार ते मेहमानाला सोडून कसे खातील? आम्ही परतलो तेव्हा बाळू दिवाणावर आडवा होता. आम्हाला बघून त्याने शेपटी दोनदा आपटली. उठला नाही. उसनवारी मागायला आलेल्या नातेवाइकाकडे बघावं तसं त्याने आमच्याकडे बघितलं. भाभीजी कौतुकाने म्हणाल्या, “हमने हर बार इनसे पूछा। इन्होंने कभी मना नहीं किया।”

लॅब्रेडॉर मना करतो हे मी अजून ऐकलेलं नाही. पशुवैद्यांनी त्याला काट्यावर चढवलं आणि त्याच्याकडे न बघता आमच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, वजन उतरेल, पण कबाबातला कांदा कुत्र्याला बाधतो, खिरीतल्या मनुका विषारी ठरू शकतात, आणि आंब्याची कोय गिळली असती तर आतड्यात अडकून पोट फाडावं लागलं असतं. हे भाईसाहबांना सांगायचं कोणत्या तोंडाने? त्यांनी तर निघताना बाळूला पेटीभर आंबेही दिले होते. बाळूला, आम्हाला नाही.

‘डॉग हॉस्टेल’चा विचार मी फोनवर बोलून दाखवला तेव्हा सांगलीहून सासूबाईंचा आवाज चढला. “पैसे देऊन कुत्रं ठेवायचं? आमचा मोत्या कधी कुठल्या लॉजवर राहिला नाही!” बरोबर आहे. मोत्या त्यांचा होता तेवढाच गल्लीचा होता. चार घरच्या भाकऱ्या खायचा, पाचव्या घरच्या ओट्यावर झोपायचा. आणि मुख्य म्हणजे त्या वाड्याला कधी कुलूप लागायचंच नाही. कोकणात जा, काशीला जा, मागे एक आत्या आणि दोन चुलत सासू असायच्याच. आमचा फ्लॅट आम्ही बाहेर पडलो की बंद. कुत्र्यांची हॉस्टेलं आपल्याकडे लाडापोटी आली असं लोक म्हणतात, मला ती कुलपापोटी आली असं वाटतं.

शहराची हवाही बदलली आहे. २०२२ च्या जुलैत इथे कैसरबागेत एका पाळीव पिटबुलने घरातल्याच वृद्ध बाईंचा जीव घेतला. तेव्हापासून नगर निगमच्या परवान्याची विचारणा वाढली आणि लिफ्टमध्ये लोक बाळूसारख्या गोणपाटाकडेही संशयाने बघू लागले. ‘जरा बघाल का हो याच्याकडे’ असं कुणालाही म्हणायचे दिवस गेले.

तर हॉस्टेल. शहराबाहेर, सुलतानपूर रोडकडे. मालक तरुण, बोलणं अस्सल लखनवी. टेबलावर फॉर्म ठेवून विचारू लागला, “भालू जी खाना किस वक़्त लेते हैं?” सकाळी सातला. “ग़ुस्सा किस बात पर आता है?” हे म्हणाले, “भूक लागली आणि कुणी बोलायला आलं की.” मी हळूच सांगितलं, प्रश्न बाळूबद्दल आहे. मग लशीचं कार्ड मागितलं. रेबीजची तारीख बोटाने टिपली, नाइन-इन-वनची टिपली, आणि केनेल कफची लस राहिलीय म्हणून आम्हाला दारातूनच परत पाठवलं. घशात काही अडकल्यासारखा हा कोरडा खोकला एका कुत्र्याला झाला की बंद जागेत सगळ्यांना धरतो. लस देऊन पंधरवड्याने या, म्हणाला. मला तो तिथेच आवडला. या शहरात इतक्या अदबीने आणि इतक्या स्पष्टपणे ‘नाही’ म्हणणारा माणूस मला आधी भेटलाच नव्हता.

दुसऱ्या खेपेला सगळं बघितलं. जाळीच्या दारांना खशाचे पडदे, समोर कूलर. फिरवणं पहाटे उजाडायच्या आत आणि दिवस मावळल्यावर, कारण मधल्या वेळात रस्ता पंजे भाजतो. खाणं घरचंच आणायचं, मापाची वाटीसुद्धा. शिवाय घरातली एखादी वापरलेली चादर, न धुतलेली, कारण वास ओळखीचा लागतो. मी विचारलं, “आंबा देता?” तो गंभीर झाला. “जी नहीं। आप लिखकर दें तब भी नहीं।” माझ्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी राहिलं.

सांगलीत रोज रात्री त्याचा व्हिडिओ यायचा. बाळू झोपलेला, बाळू पाणी पिताना, बाळू एका बीगलकडून मार खाताना. आमचे हे तो पुन्हा पुन्हा बघून गहिवरायचे. सासूबाई ‘मला नको दाखवू ते लॉज’ म्हणत चष्मा शोधायच्या. एका रात्री गावातली लाइट गेलेली, आम्ही अंगणात विंझणवारा घेत बसलेलो. सासूबाईंनी व्हिडिओ बघितला, कूलरसमोर तंगड्या पसरलेला बाळू बघितला, आणि विचारलं, “तिथे माणसं ठेवून घेतात का गं?”

परत आणला तेव्हा बाळू कमरेत बारीक झाला होता आणि आम्हाला बघून चक्क धावला. माझं मत तेव्हापासून पक्कं आहे. प्रेमाने सांभाळणारा कुत्र्याला आपल्या मनासारखं वागवतो, पैसे घेऊन सांभाळणारा कागदावर लिहिल्यासारखं वागवतो. कुत्र्याच्या पोटाला कागद मानवतो.

अर्थात हॉस्टेल म्हणून कुठेही टाकू नका. ब्रिटनने अशा जागांना परवान्याची सक्ती करणारा कायदा १९६३ सालीच केला. आपल्याकडे तपासनीस आपणच व्हायचं. न कळवता जा, आणि भर दुपारी जा. पाण्याची भांडी भरलेली आहेत का बघा, वास घ्या, रात्री तिथे माणूस झोपतो का विचारा. लशीचं कार्ड मागत नाही त्याच्याकडे ठेवू नका, कारण त्याने शेजारच्या पिंजऱ्यातल्याचंही मागितलेलं नसतं. दिवाळीत गावाला जाणार असाल तर फटाक्यांपासून लांबची जागा गणपतीतच सांगून ठेवा. आणि शेजारी फारच आग्रह करू लागले तर त्यांना घराची किल्ली द्या, कुंड्यांना पाणी घालायला सांगा.