शुद्धिपत्राचा वाचक

पुस्तकाच्या शेवटी शुद्धिपत्र असलं की मी ते आधी वाचतो. ‘पृष्ठ ४२, ओळ ७, मरण नव्हे, स्मरण’ एवढ्यावरून छापखान्यात काय गोंधळ उडाला असेल ते कळतं आणि लेखकाविषयी उगाच जिव्हाळा वाटू लागतो. ही खोड पुढे मला ओपनबीएसडीच्या शुद्धिपत्रापर्यंत घेऊन गेली. ओपनबीएसडी ही संगणक चालवणारी प्रणाली आहे, विंडोज आणि लिनक्सच्या पंगतीतली, फुकट आणि खुली. तिचा मूळ ग्रंथ म्हणजे लाखो ओळींचा सोर्स कोड. तो मी या जन्मी सलग वाचणार नाही. शुद्धिपत्र मात्र चहाबरोबर वाचतो.

हे नाव तुम्ही ऐकलं नसेल तर त्यात तुमचं काही चुकलेलं नाही. पण ही मंडळी तुमच्या घरात आधीच शिरून बसलेली आहेत. दूरच्या संगणकात सुरक्षित वाटेने जाण्यासाठी जगभर जे ओपनएसएसएच वापरतात ते १९९९ साली यांच्याकडेच जन्मलं. आज ते मॅकमध्ये असतं, लिनक्समध्ये असतं, विंडोज १० मध्येही येऊन दाखल झालं. अँड्रॉइड फोनच्या पोटातल्या मूळ लायब्ररीतही यांच्या कोडचा बराच भाग आहे. यांचं बिऱ्हाड कॅनडात, कॅलगरीला. थिओ डी राट या गृहस्थांचं नेटबीएसडी या आधीच्या प्रणालीच्या मंडळींशी बिनसलं आणि त्यांनी १९९५ साली वेगळी चूल मांडली. मराठी संस्थांचा इतिहास ज्याला ठाऊक आहे त्याला याहून जास्त सांगायला नको. चूल मांडली, पण सरपणाची ओढाताण राहिलीच. २०१४ च्या सुरुवातीला थिओंच्या तळघरातल्या यंत्रांचं वीजबिल भागवायला २०,००० डॉलर हवेत म्हणून जाहीर आवाहन करावं लागलं. अर्ध्या जगाची कुलपं यांची, आणि यांच्याच घरी मीटरची धाकधूक!

तर शुद्धिपत्र. दर सहा महिन्यांनी प्रणालीची नवी आवृत्ती निघते आणि प्रत्येक आवृत्तीचं शुद्धिपत्र ००१ पासून सुरू होतं. नोंदीत असतं काय, तर क्रमांक, तारीख, कोणत्या यंत्रांना लागू ते, दोष एका-दोन वाक्यांत, आणि शेवटी दुरुस्तीचा पॅच. संपलं. दिलगिरी नाही, ‘आपल्या गैरसोयीबद्दल खेद’ नाही, ‘आपला अनुभव अधिक सुखद करण्यासाठी’ तर नाहीच नाही. आपल्या फोनमधली अ‍ॅपं आठवड्यातून एकदा ‘काही किरकोळ सुधारणा’ असं पुटपुटत अपडेट होतात. नेमकं काय बिघडलं होतं ते कुणी विचारू नये आणि कुणी सांगू नये, असा तिथे करार असावा. इथे उलट. दोष कोणत्या फाइलीत, कोणत्या ओळीवर, सगळं चव्हाट्यावर.

बहुतेक नोंदींच्या डोक्यावर ठळक अक्षरांत दोहोंपैकी एक मथळा असतो. एक सुरक्षेचा आणि दुसरा भरवशाचा. सुरक्षेचा म्हणजे या फटीतून कुणी परका आत शिरून नको ते करू शकतो. भरवशाचा म्हणजे शिरत कुणी नाही, पण यंत्र आपलं आपणच बसकण मारतं. नेटवर्कवरून एखादं वेडंवाकडं पॅकेट आलं की प्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, कोसळतो, मेमरी हळूहळू झिरपत जाते, किंवा दोन प्रक्रिया एकाच वस्तूवर एकदम हात टाकतात आणि दोघींपैकी कुणालाच ती मिळत नाही. सुरक्षेच्या दुरुस्तीला मानमरातब असतो. शोधणाऱ्याचं नाव होतं, परिषदेत भाषण होतं, हल्ली तर दोषाचं बारसं करून त्याला बोधचिन्हही देतात. भरवशाच्या दुरुस्तीसाठी कुणी टाळी वाजवल्याचं मी ऐकलेलं नाही. यंत्र पडत नाही ही बातमी होत नाही. माझा जीव मात्र याच दुसऱ्या मथळ्यावर आहे, आणि त्याला एक जुनं प्रकरण कारण आहे.

२००७ च्या फेब्रुवारीत कोअर सिक्युरिटी या कंपनीच्या लोकांनी ओपनबीएसडीला कळवलं की तुमच्या कर्नलमधला आयपीव्ही६ (इंटरनेटच्या पत्त्यांची नवी पद्धत) हाताळणारा भाग विशिष्ट प्रकारे तुकडे केलेल्या पॅकेटांनी बिघडतो. ओपनबीएसडीवाल्यांनी थोड्याच दिवसांत दुरुस्ती केली आणि वर मथळा दिला तो भरवशाचा. यंत्र कोसळेल, फार तर बंद पडेल, आत कुणी शिरणार नाही, असा त्यांचा होरा. कोअरवाले काही वाद घालत बसले नाहीत. त्यांनी सरळ त्याच फटीतून कर्नलमध्ये शिरून आपला कोड चालवून दाखवला. मार्चमध्ये मथळा बदलला. पॅचचं काम तेच, दोष तोच, फक्त डोक्यावरचा शब्द गेला आणि दुसरा आला. त्याच वर्षी सुरक्षा क्षेत्रातल्या खट्याळ लोकांनी ‘पोनी’ नावाचे पुरस्कार सुरू केले आणि सर्वांत लंगड्या प्रतिसादाचं पहिलंच पारितोषिक या प्रकरणाबद्दल ओपनबीएसडीला देऊन टाकलं.

यातली गंमत अशी की हा दोन मथळ्यांमधला पडदा किती पातळ आहे हे ओपनबीएसडीवाले स्वतःच वर्षानुवर्षं सांगत आले आहेत. १९९६ च्या उन्हाळ्यापासून त्यांच्यातली सहा ते बारा माणसं एक एक फाइल उघडून जुना कोड वाचत बसलेली असतात. चूक दिसली की दुरुस्त करायची. तिचा कुणी गैरफायदा घेऊ शकेल का, हा प्रश्न विचारण्यात वेळ घालवायचा नाही. कित्येकदा असं झालं की साधी निष्काळजी चूक म्हणून यांनी काही दुरुस्त केलं आणि काही महिन्यांनी बाहेरच्या कुणाला शोध लागला, की अरे, यातून तर चोर शिरत होता! म्हणजे चोर कळण्याआधी भोक बुजलेलं. ज्यांनी हे शास्त्र मांडलं त्यांनाच २००७ मध्ये मथळ्याचा मोह आवरला नाही. आपल्या घराला तडा गेलाय एवढं माणूस कबूल करतो. त्यातून हात घालता येतो हे मात्र दुसऱ्या कुणी तरी हात घालून दाखवावं लागतं.

मोहाचं कारणही होतं. ओपनबीएसडीच्या कपाळावर एक बिरुद आहे. पूर्वी ते असं होतं, की मूळ मांडणीत पाच वर्षांत बाहेरून शिरता येईल असं एकही भोक नाही. २००२ च्या जूनमध्ये ओपनएसएसएचमध्येच एक सापडलं, तेव्हा ‘जवळजवळ सहा वर्षांत एक’ झालं. २००७ च्या प्रकरणाने ‘फक्त दोन’ केलं. पुढे वर्षांचा आकडाही गेला आणि त्या जागी ‘केवढ्या तरी काळात’ अशा अर्थाचा घरगुती शब्द आला. यातल्या ‘मूळ मांडणीत’ या शब्दांना एखाद्या मुरलेल्या वकिलाने नमस्कार करावा. २०२० च्या जानेवारीत यांच्या टपाल पोचवणाऱ्या कार्यक्रमात असा दोष निघाला की पत्र पाठवणाऱ्याच्या पत्त्यात हुकूम लिहावा आणि तो यंत्राच्या सर्वाधिकाऱ्याच्या नावाने चालावा. याहून मोठं भोक ते काय असायचं? पण मूळ मांडणीत तो कार्यक्रम फक्त घरातलंच टपाल घेतो, बाहेरच्यांना दार उघडत नाही. सबब आकडा दोनच राहिला. मी हसलो खरा, पण हे न्यायाला धरून आहे. न मागता कोणतंही दार उघडं ठेवायचं नाही हीच यांची मूळ प्रतिज्ञा, आणि त्या दिवशी तीच कामी आली.

माझा सर्वांत आवडता दोष त्याच्या आदल्या महिन्यातला, म्हणजे डिसेंबर २०१९ चा. प्रवेश मागताना नाव विचारतात तिथे एखाद्याने आडवी रेघ काढून तिला चिकटून ‘एसचॅलेंज’ असं इंग्रजीत लिहिलं, की पासवर्ड तपासणारा कार्यक्रम त्याला नाव समजतच नसे. आडव्या रेघेने सुरू होतं ते सूचनापत्र, असा त्याचा जन्मजात समज. त्या सूचनेचा अर्थ त्याने असा लावला, की इथे नुसतं आव्हान द्यायचंय, तपासायचं काही नाही, आणि ‘ठीक आहे, सोडा’ म्हणून मोकळा झाला. पासवर्ड काहीही चालेल! टपाल आणि आणखी एक-दोन सेवांची दारं या रेघेने उघडली. ओपनएसएसएच तेवढं बधलं नाही. क्वालिस या कंपनीने हे शोधलं, आणि कळवल्यापासून ४० तासांच्या आत पॅच बाहेर पडले याबद्दल जाहीर कौतुकही केलं. चाळीस तास! आमच्या सोसायटीत जिन्याचा दिवा बदलायला सर्वसाधारण सभा लागते.

आता खुद्द पॅचकडे. ही साधी मजकुराची फाइल असते. वरच्या चार-दोन ओळींत ती कशी लावायची याचा विधी, आणि खाली दुरुस्ती. ज्या ओळी काढायच्या त्यांच्या आधी वजाचं चिन्ह, ज्या घालायच्या त्यांच्या आधी अधिकचं. बहुतेक वेळा इतका मोठा गाजावाजा झालेल्या दोषाची दुरुस्ती बोटभर असते. एक वजा, दोन अधिक. लांबी तपासायची राहिली होती ती तपासली, एवढंच. मोठ्या दुरुस्त्या मला संशयास्पद वाटतात.

पण त्या ओळीची जागा सापडावी कशी? तुमच्या प्रतीत आधीच्या कुणी दोन ओळी वाढवल्या असतील, तर २१२वी ओळ आता २१४वी झालेली असते. यावर लॅरी वॉल या माणसाने १९८५ साली ‘पॅच’ नावाचाच एक छोटा कार्यक्रम लिहून तोडगा काढला (पर्ल ही भाषा त्याने त्यानंतर केली). हा कार्यक्रम ओळीच्या क्रमांकावर फारसा विसंबत नाही, तो शेजारी बघतो. दुरुस्तीसोबत वरच्या तीन आणि खालच्या तीन ओळी जशाच्या तशा दिलेल्या असतात. पुण्याच्या पेठेत घर शोधणारा माणूस नंबर विचारत नाही. तो विचारतो, पत्र्या मारुतीवरून पुढे गेल्यावर पिठाची गिरणी, तिच्या अलीकडचा बोळ तोच ना? तसंच हे. क्रमांकावर घर नाही सापडलं तर तो वर-खाली हिंडतो आणि शेजारी ओळखीचे दिसले की ‘चार ओळी पुढे सापडलं’ असं नोंदवून काम उरकतो. एखादा शेजारी बदललेला असला तरी थोडं दुर्लक्ष करतो. गिरणी गेली, मारुती आहे ना, मग चालेल. सगळंच बदललं असेल तर मात्र हट्ट धरत नाही. नाकारलेला तुकडा वेगळ्या फाइलीत ठेवतो आणि तुमचं तुम्ही बघा म्हणतो.

पूर्वी असा पॅच लावून सगळा कर्नल घरी शिजवावा लागे. जुन्या यंत्रावर ते दीड-दोन पिक्चरचं काम. २०१७ मध्ये ‘सिसपॅच’ आलं आणि हा सोहळा एका आज्ञेवर आला. काळ्या पडद्यावर ते पॅच आणतं, सही तपासतं, बसवतं, आणि मग कर्नलचे तुकडे नव्या क्रमाने जोडत बसतं. प्रत्येक यंत्राचा कर्नल वेगळ्या रचनेचा असावा, म्हणजे बाहेरच्याला आतला नकाशा पाठ करता येऊ नये, म्हणून ही उठाठेव. आणि शेवटी सुचवतं, की आता यंत्र बंद करून पुन्हा चालू करा.

हे शेवटचं सोपं नाही. आमच्याकडे एक जुना छोटा संगणक ओपनबीएसडीवर चालतो आणि घरातलं सगळं इंटरनेट त्याच्यातून वाहतं. आईचं कीर्तन ऐन रंगात आलेलं असताना मी तो बंद करतो.

“गेलं का रे?”

“दोन मिनिटं, आई. दुरुस्ती आहे.”

“बिघडलं कधी होतं? आत्तापर्यंत तर चांगलं चाललं होतं.”

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही, आणि खरं तर कुणाकडेच नाही. आत्तापर्यंत चांगलं चाललं होतं हे शंभर टक्के खरं असतं. ते वेडंवाकडं पॅकेट अजून आलेलं नव्हतं, एवढाच काय तो चांगुलपणा. दुरुस्ती झाल्यावरही आईला काही फरक दिसत नाही आणि मला दाखवता येत नाही. बुवा पुन्हा सुरू होतात, पण मधलं आख्यान बुडालेलं असतं आणि त्याचा ठपका माझ्यावर येतो. सुरक्षेच्या पॅचला निदान ‘चोर येईल’ असं सांगून वेळ मारून नेता येते. भरवशाच्या पॅचची बाजू घरात मांडून दाखवावी कुणी.

या बिनटाळीच्या खात्यातलं एक उदाहरण तेवढं जगाने पाहिलं. २००१ मध्ये ओपनबीएसडीवाल्यांनी नोंदवहीत ओळ लिहिणारं एक फंक्शन नव्याने लिहिलं. मधेच कुणी हाक मारली, म्हणजे सिग्नल आला, तरी ते अर्धवट अवस्थेत अडखळू नये म्हणून. तेवीस वर्षांनी, जुलै २०२४ मध्ये, क्वालिसनेच ओपनएसएसएचमधला एक गंभीर दोष जाहीर केला. २००६ मध्ये बुजवलेलं भोक २०२० च्या एका बदलात अनवधानाने पुन्हा उघडं पडलं होतं. लिनक्सच्या असंख्य यंत्रांवर धावाधाव झाली. ज्यांच्या घरी ओपनएसएसएच जन्मलं त्या ओपनबीएसडीवर मात्र त्याचा परिणाम शून्य, कारण तिथे हाक आली की २००१ चं ते फंक्शन पुढे होत असे. त्या वर्षी ते लिहिताना कुणी याला सुरक्षेचा मथळा द्यायला निघालं असतं तर बाकीचे हसले असते.

नवी आवृत्ती आली की मी ती लगेच चढवतो, कारण दुरुस्त्या फक्त शेवटच्या दोन आवृत्त्यांना मिळतात. वर्षभर आळस केला की तुमच्यासाठी शुद्धिपत्र बंद. चढवल्यावर पहिले काही दिवस त्या आवृत्तीच्या शुद्धिपत्राचं पान कोरं असतं. इतकी माणसं, इतक्या ओळी, आणि चूक एकही नाही? मला ते पटत नाही. मी रोज सकाळी उघडून बघतो. मग एखाद्या दिवशी ००१ उगवतो, बहुधा भरवशाचाच, आणि मी आईला विचारतो, आज कीर्तन किती वाजता आहे.