एका फेजवरची भाऊबंदकी

टायमर आणि बाहेरचा दिवा हे एकाच फेजवर नांदणारे दोन भाऊ. वेगळे असताना दोघेही सज्जन असतात; एका वायरीवर आले की कुरबुर सुरू होते. गिरणाकाठच्या भडगावात ओट्यावर, गोठ्याच्या दारात, लिंबाच्या बागेतल्या खोलीवर आपोआप लागणारे दिवे आता सर्रास दिसतात, आणि त्यांचे आजारही. दिवा भर दुपारी जळतो, बंद करूनही मंद तेवत राहतो, रात्रभर डोळे मिचकावतो, किंवा एकदा लागला की विझायचे नावच घेत नाही. दर वेळी दोष टायमरच्या माथी येतो. बहुतेक वेळा तो निर्दोष असतो.

सर्वात जुना टायमर गोल तबकडीचा. कडेने ९६ दाते, दर दात्याला पंधरा मिनिटे. आतली बोटभर मोटर विजेच्या ५० हर्ट्झच्या ठोक्यावर फिरते. व्होल्टेजबद्दल गावाची तक्रार जन्माची असली तरी हा ठोका मात्र अव्वल दर्जाचा मिळतो: ३१ डिसेंबर २०१३ रोजी दक्षिणेचे वीजजाळे उरलेल्या देशाला जोडले गेले, तेव्हापासून भडगावात आणि कन्याकुमारीत एकच ठोका चालतो. अडचण ठोका येतो तेव्हा नाही, येत नाही तेव्हा आहे. लाईट गेली की तबकडी थांबते, आणि आली की काहीच घडले नाही अशा थाटात थांबल्या जागेवरून पुढे निघते.

रोज तीन तास लाईट जाते असे धरले, तर पहिल्या दिवशी साडेसहाचा दिवा साडेनऊला लागतो. चौथ्या दिवशी टायमर बारा तास मागे पडतो; दिवसभर अंगण लख्ख आणि रात्री ठार अंधार. अंधार पाहून शेजारी दारातून विचारतात, ‘‘लाईट उनी का भो?’’ ती आलेलीच असते. आठव्या दिवशी चोवीस तासांचा फेरा पुरा होऊन टायमर आपोआप अचूक होतो, आणि वायरमनही नेमका त्याच संध्याकाळी उगवतो. तो दिव्याकडे पाहतो, मनगटावरच्या घड्याळाकडे पाहतो, मालकाकडे जरा जास्त वेळ पाहतो आणि फेरीचे पैसे घेऊन जातो. यावर औषध एकच: आत बॅटरी असलेला टायमर.

खरी भाऊबंदकी इलेक्ट्रॉनिक टायमरपासून सुरू होते. जुन्या घरांच्या बटणांच्या बोर्डात बऱ्याचदा न्यूट्रल आणलेलाच नसतो. तो थेट दिव्याला गेलेला असतो. म्हणून दुकानदार दोन तारांचा टायमर देतो. या टायमरलाही पोट असते. स्वतःची चटणी-भाकर तो दिव्यातून थोडा प्रवाह सोडून मिळवतो. पिवळ्या बल्बच्या काळात हे खपून जायचे. बल्बमधल्या तारेला एवढासा प्रवाह कळतही नसे. एलईडीला मात्र मिलिअँपिअरचा अंशसुद्धा मंद उजळायला पुरतो. कधी तो प्रवाह दिव्यातल्या कपॅसिटरमध्ये थेंबथेंब साठतो, पुरेसा साठला की दिवा लख्खकन चमकून विझतो आणि साठवण पुन्हा सुरू होते. अमावास्येच्या रात्री, मळ्यातल्या एकाकी खोलीवर हा प्रकार घडला की त्याची कारणे विद्युतशास्त्राबाहेर शोधली जातात, लिंबू-मिरची बांधली जाते. लिंबे बागेतलीच असल्याने खर्च होत नाही, एवढेच.

असाच उजेड लांब वायरीतूनही येतो. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघरी कानबाई देवी बसते, तेव्हा अंगणभर रोषणाईच्या वायरी फिरतात. चालू वायर आणि बंद वायर एकाच पाइपातून लांबवर शेजारी गेल्या की मधल्या आवरणातून थोडी वीज पलीकडे उतरते. माळ बंद, तरी मिणमिणती. टेस्टर लावला तर तोही लागतो आणि घोळ वाढवतो, कारण टेस्टरलाही इतकीच वीज पुरते. इथे जुना ६० वॉटचा पिवळा बल्ब खरा पंच. संशयित एलईडी काढून त्या जागी तो लावावा. मुळीच उजळला नाही, तर वीज उतरलेली किंवा झिरपलेली आहे. दिव्याला समांतर योग्य स्नबर (रोध आणि कपॅसिटरची जोडी) बसवला की तेवणे थांबते. बल्ब चांगला पेटला, तर खटका खरोखरच तुटत नाही.

आणखी एक शक्यता गंभीर आहे. कोणी टायमर फेजऐवजी न्यूट्रलवर बसवला, तर दिवा विझलेला दिसतो पण होल्डरमध्ये फेज जिवंत असते. पावसाळ्यात ओल्या भिंतीतून वीज वाट काढते आणि दिवा धुगधुगतो. हे दुरुस्त करण्यापूर्वी मेन स्विच पाडावा. विझलेल्या दिव्यावर विश्वास ठेवू नये.

उजेड पाहून चालणारा सेन्सर हा या कुटुंबातला भाबडा सदस्य. तो दिव्याखालीच बसवला, किंवा समोर नुकतीच चुना मारलेली भिंत असली, तर दिवा लागताच त्याला वाटते उजाडले. तो दिवा विझवतो. अंधार पडतो, पुन्हा लावतो. एका रात्रीत असंख्य सूर्योदय होतात. दोन शेजाऱ्यांचे सेन्सर समोरासमोर आले तर एकाचा दिवा दुसऱ्याचा विझवतो. त्यावर वीजशास्त्राचा उपाय म्हणजे सेन्सरचे तोंड फिरवणे. शेजाऱ्यांच्या तोंडाबाबत शास्त्र गप्प आहे.

दिवा विझतच नसेल, तर कारण वेगळे. टायमरवर १६ अँपिअर लिहिलेले असते, ते सहसा हीटरसारख्या साध्या भारासाठी. एलईडी फोकस (गावात त्याला अजून हॅलोजनच म्हणतात) चालू होताना क्षणार्धासाठी नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढतो. असे दहा-वीस फोकस एकदम लागले की टायमरचे संपर्क आतल्या आत चिकटतात. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने टकटक केल्यावर दिवा विझला, तर निदान झाले. मग भार कॉन्टॅक्टरवर (कॉइलने ओढल्या जाणाऱ्या दणकट खटक्यावर) टाकून टायमरला फक्त त्याची कॉइल चालवू द्यावी. या कॉइलवरही स्नबर हवा. नाहीतर ती बंद होताना जो झटका देते, त्याने डिजिटल टायमरची स्मृती जाते आणि पडद्यावर १२:०० लुकलुकत राहतात. शेतात विहिरीच्या मोटरचा स्टार्टर पडल्यावरही हेच घडते. कंडेन्सर लावून दोन फेजवर मोटर ओढली जात असेल, तर व्होल्टेजची फरफट निराळी. स्टार्टरच्या पेटीतच टायमर बसवण्याची हौस टाळून त्याला वेगळी वायर द्यावी.

हे सगळे निस्तरल्यावर उरतो सूर्य. भडगावात तो जूनअखेरीस सव्वासातच्या आसपास मावळतो आणि नोव्हेंबरअखेरीस पावणेसहाच्या. अक्षांश-रेखांशावरून हा फरक स्वतः मोजणारे टायमर बाजारात मिळतात. कोणताही घ्या, पण पैसे देण्याआधी तो उलटा करून न्यूट्रलचा स्क्रू आहे का ते बघा, आणि आपल्या बोर्डात न्यूट्रल आहे का हे घरून निघतानाच पाहून ठेवा.