अण्णांचं नियोजित कलाकेंद्र

भिवंडीत नाटकाविषयी कुणी नुसतं खाकरलं तरी अण्णा हजर होतात. असे अण्णा प्रत्येक गावात असतात. आमचे लूमच्या खडखडाटात वाढले, म्हणून दोन पट्ट्या वर बोलतात एवढंच. बगलेत कायम एक फाईल. आतल्या लेटरहेडवर ‘नियोजित कलाकेंद्र, भिवंडी’ आणि खाली संस्थापक, कार्याध्यक्ष, खजिनदार अशी तीन नावं. तिन्ही त्यांचीच, आद्याक्षरं तेवढी मागेपुढे केलेली.

केंद्राचा इतिहास मात्र विचारू नये. अण्णा थेट 1843 साली सांगलीत उतरतात, विष्णुदास भाव्यांचं ‘सीतास्वयंवर’ लावतात, गिरगावच्या साहित्य संघात डोकावतात, दादरला छबिलदास शाळेच्या सभागृहात ‘आविष्कार’ची आठवण काढून गहिवरतात आणि 1978 साली ठाण्याच्या गडकरी रंगायतनचा पडदा वर जाईपर्यंत आपला चहा गार झालेला असतो. “ठाण्याला गडकरी, कल्याणला अत्रे, डोंबिवलीला फुले! आणि आपण काय, जन्मभर तागेच मोजायचे?” टेबलावर थाप. भिवंडीलाही मीनाताई ठाकरे रंगायतन आहे, असं म्हणालात तर अण्णा काही बोलत नाहीत, फाईलचा मागचा कप्पा उघडतात. त्याच्या दुरवस्थेबद्दलची निवेदनं पिवळी पडलीत. पोचेचा शिक्का मात्र अजून ठसठशीत आहे.

केंद्राची पहिली तालीम झाली बंद पडलेल्या एका लूमच्या शेडमध्ये. माग भंगारात गेले होते, तेलाचे डाग फरशीवर राहिले होते. नायिका घसरू नये म्हणून अण्णांनी स्वतः भुसा पसरला. शेजारची शेड चालू होती, त्यामुळे प्रेमाची कबुलीसुद्धा भांडल्यासारखी द्यावी लागे. नट त्यात असे तयार झाले की स्पर्धेत त्यांचं स्वगत बाहेर वडापावच्या गाडीवर ऐकू आलं.

पुढे मालकाने शेड गोदामाला दिली. आजकाल भिवंडीत सगळंच गोदामाला जातं. तालीम शाळेच्या वर्गात गेली, परीक्षा आल्यावर एका हॉलमध्ये, लग्नसराईत तिथूनही उठली आणि आता अण्णांच्या गच्चीवर आहे. पापडांचे दिवस आले की वहिनी दुसऱ्या अंकात शिरून अर्धा रंगमंच ताब्यात घेतात. पत्ता बदलला की अण्णा नवं लेटरहेड छापतात. याला ते ‘केंद्राचा विस्तार’ म्हणतात.

पण माणसं जमवावीत ती अण्णांनीच. पद्मानगरचा तेलुगू तबलजी, शांतीनगरचा शेरोशायरी करणारा मागवाला, कामतघरचा आगरी ढोलकीवाला, ब्राह्मण आळीतल्या पेटीवाल्या काकू. इतिवृत्त कोणत्या भाषेत लिहायचं यावर पहिल्याच बैठकीत चर्चा झाली. ती अजून चालू आहे, त्यामुळे इतिवृत्त कोरं आहे. नाटकं मात्र होतात. कशी, हे पावतीपुस्तक बघितल्यावर कळतं. पावती क्रमांक 1 अण्णांची, 2 वहिनींची, 3 पुन्हा अण्णांची.

पावती क्रमांक 4 अजून कोरी आहे. अण्णा रस्त्यात भेटले तर चुकवू नका; रक्कम कितीही चालते, आणि सुट्टे पैसे ते स्वतः देतात.