मुंज पाहिली, तलाव राहिला

मांडूचा जहाज महाल दोन तळ्यांच्या मधोमध उभा आहे. एक कपूर तलाव, दुसरा मुंज तलाव. मी निघालो होतो मुंज तलाव बघायला आणि बघून आलो मुंज. मधला तलाव गळाला, तो इंदूरच्या मित्रामुळे.

"रविवार पूर्ण तुझा," असं तो म्हणाला होता. सकाळी पोहे-जिलबी खाऊन गाडीत बसलो तर साहेबांच्या अंगावर रेशमी झब्बा आणि मागच्या सीटवर आहेराचं पाकीट. "धारला एक छोटासा कार्यक्रम आहे. मामेभावाच्या मुलाची मुंज. अर्धा तास. तोंड दाखवू नि निघून जाऊ. मांडू काय कुठे भागून चाललंय?"

इंदूरहून धार ६० किलोमीटर, धारहून मांडू आणखी ३५. वाटेतच आहे, हे मलाही पटलं. पण मराठी माणसाचं तोंड नुसतं दाखवून भागत नाही, त्यात काहीतरी घालावंही लागतं. शिवाय ज्यांना दाखवायचं ते एका जागी सापडतील तर शपथ. एक काका आचाऱ्याच्या डोक्यावर बसलेले, एक आत्या अजून देवासहून निघायची.

कार्यालयाच्या दारातच एका आजोबांनी धरलं. "कुठले?"

"पुण्याचा."

"आम्ही पवारांबरोबर आलो," ते म्हणाले. जणू कालच्याच एसटीनं उतरले होते. पवार सरदार माळव्यात येऊन तीनशे वर्षं होत आली. मग आजोबांनी हिशेब काढला. "तुमचा दुसरा बाजीराव आमच्या धारच्या किल्ल्यात जन्मला, १७७५ साली. राघोबादादा लढाया करत फिरत होते, आनंदीबाईंचं बाळंतपण धारनं केलं. पुण्यानं काय केलं?" पुणेकराला उत्तर सुचलं नाही. ही घटना मुंजीच्या व्हिडिओत आली असेल.

मुहूर्त टळला नाही. पण मंगलाष्टकांनंतर निघावं तर जेवण. जेवणात बाफले, वर श्रीखंड. बाफला तुपात बुडवून देतात. दोन खाल्ले की माणसाला गड चढवत नाही, तो स्वतःच गड होऊन बसतो. मी घड्याळ दाखवलं. मित्र म्हणाला, "भिक्षावळ झाल्याशिवाय कसं निघायचं? बरं दिसत नाही."

तेवढ्यात एक मामा रुसल्याचं कळलं. त्यांना निमंत्रण व्हॉट्सॲपवर गेलं होतं, फोन नव्हता. समजूत घालायला जे शिष्टमंडळ गेलं, त्यात माझा मित्र. एका खुर्चीवर मी, शेजारच्या खुर्चीवर माझा रविवार.

बसल्या बसल्या लक्षात आलं, मांडूचं, म्हणजे मांडवगडाचं तरी दुसरं काय आहे? गाईड तुम्हाला रूपमती आणि बाजबहादूर यांची प्रेमकथा सांगतो, म्हणजे दोघंच, तळं आणि गाणं. प्रत्यक्षात तो गड घरच्या कार्यांचा. १६१७ साली जहांगीर तिथे मुक्कामाला होता. सप्टेंबरात त्याचा वाढदिवस झाला, सोन्याचांदीनं तुला झाली. पाहुण्यांत इंग्रजांचा वकील टॉमस रो. तोही माझ्यासारखाच, कुणाचा कोण लागत नसलेला. ऑक्टोबरात मुलगा खुर्रम दख्खनची मोहीम जिंकून आला, तर बापानं त्याला शाहजहान हा किताब दिला आणि सिंहासनाजवळ बसायला आसन. केवढं कौतुक! सहा वर्षांच्या आत हाच मुलगा बापाविरुद्ध बंड करून, हरून, याच मांडूत आसऱ्याला आला.

१६१७च्या त्याच मुक्कामात जहांगीरनं माळव्याच्या सुलतान नासिरुद्दीनच्या कबरीला लाथा घालायला लावल्या होत्या. का, तर त्यानं म्हणे बापाला, गियासुद्दीनला, विष दिलं. आणि स्वतः जहांगीरनं तरुणपणी अकबराविरुद्ध काय केलं होतं? तेव्हा मामांचं व्हॉट्सॲप फारच किरकोळ.

ज्याच्या नावाचा तो तलाव, त्या मुंज राजाची कथाही मला लागू. हा धारचा परमार. मंत्र्यानं नको नको म्हटलं असताना गोदावरी ओलांडून दख्खनेत उतरला आणि चालुक्य राजा तैलपाच्या कैदेत मेला. मला सांगायला मंत्री नव्हता. मी धारला गाडीतून उतरलो.

बटूनं भिक्षा मागितली, आम्ही घातली. मामा हसले. फोटो झाले. त्यातल्या एका फोटोत मी 'घरची मंडळी' म्हणून उभा आहे, अगदी मधोमध. मांडूला पोचलो तेव्हा सूर्य मावळला होता. जहाज महाल सूर्यास्ताला बंद होतो. फाटकाबाहेर एक बाई गोरखचिंचेची फळं विकत होती, तिथले लोक या चिंचेला खुरासानी इमली म्हणतात. एक घेतलं. पांढरा गर, आंबट. "वैशाखात तळ्यांना पाणीही नसतंच," मित्र म्हणाला, "काही चुकवलं नाहीस."

वाचकहो, मांडूला जायचं तर चातुर्मासात जा. तळी भरलेली असतात आणि मुंजीचे मुहूर्त नसतात. इंदूरच्या मित्राला फोन परतताना करा.