ठिपक्यापासून परग्रहवासी: नवशिक्यांसाठी सोपी कृती

परग्रहवासी शोधायला दुर्बीण, पदवी किंवा सरकारी अनुदान लागते, हा निव्वळ गैरसमज आहे. मंगळावरच्या रोव्हरनी पाठवलेले कच्चे फोटो नासा सगळ्या जगासाठी फुकट खुले करते. चार फोटो चाळले की कुठे ना कुठे ठिपका सापडतोच. तो वाया जाऊ नये, म्हणून ही कृती.

साहित्य: ठिपका असलेला फोटो एक (दोन मुळीच घेऊ नका), झूम करायला दोन बोटे, लाल बाण काढून देणारे कोणतेही ॲप आणि ‘हे आपल्यापासून का लपवले जात आहे?’ हे वाक्य, चवीनुसार.

१. एकाच डोळ्याने बघा. अंतराचा अंदाज यावा म्हणून क्युरिऑसिटी रोव्हरवर नॅव्हकॅम हे कॅमेरे डावा-उजवा असे जोडीने बसवले आहेत. २ आणि ३ एप्रिल २०१४ रोजी उजव्या कॅमेऱ्याच्या फोटोंत क्षितिजाच्या बाजूला लख्ख पांढरा ठिपका उमटला. मंगळावर कुणीतरी दिवा लावला, हे जाणकारांनी ताबडतोब ओळखले. डाव्या कॅमेऱ्याने एका सेकंदाच्या आत टिपलेल्या फोटोत मात्र दिवाबत्तीचा पत्ता नव्हता. अशा वेळी डाव्या डोळ्याकडे खुशाल काणाडोळा करा. असे ठिपके जवळजवळ दर आठवड्याला दिसतात, असे नासाच्या जेपीएल प्रयोगशाळेचे कॅमेरातज्ज्ञ जस्टिन माकी यांनी तेव्हाच सांगितले होते. मंगळाभोवती पृथ्वीसारखे चुंबकीय कवच नाही आणि हवाही अगदी विरळ. त्यामुळे वैश्विक किरणांतला एखादा कण सेन्सरवर आदळतो आणि त्या एका फोटोपुरता पांढरा डाग पडतो. कधी दगडाचा पृष्ठभाग उन्हात चमकतो, तर कधी कॅमेऱ्याच्या आवरणातल्या बारीक छिद्रातून ऊन थेट आत शिरते. ही माहिती नवशिक्यांनी वाचू नये. हात थरथरतो आणि बाण वाकडा येतो.

२. आधीचा फोटो मागू नका. जानेवारी २०१४मध्ये मंगळावर ऑपॉर्च्युनिटी रोव्हरसमोर अचानक एक दगड अवतरला: कडा पांढरी, मधोमध जॅमसारखा लाल. १२ मंगळदिवसांपूर्वीच्या फोटोत तो तिथे नव्हता. ‘दगड चालत आला’ एवढ्यावर थांबा. एक गृहस्थ तर याची नीट तपासणी व्हावी म्हणून कोर्टात गेले. पुढे रोव्हर थोडा सरकला, तेव्हा त्याच्याच चाकाखाली फुटलेला मूळ दगड दिसला. त्याचाच तुकडा उडून पुढे पडला होता.

३. मोजपट्टी घरातच ठेवा. मंगळावरच्या स्पिरिट रोव्हरने २००७ साली टिपलेल्या विस्तीर्ण दृश्यात एक माणूस निवांत बसलेला दिसला. ‘माणसाची’ उंची होती काही सेंटिमीटर. मे २०२२मध्ये क्युरिऑसिटीला खडकात कोरलेला ‘दरवाजा’ दिसला. तो जेमतेम फूटभर उंचीची भेग निघाला. राईचा पर्वत करायचा, तर राईशेजारी फूटपट्टी ठेवून कसे चालेल?

४. जवळ जाऊ नका. चंद्राच्या पलीकडच्या बाजूला फिरणाऱ्या चिनी युतू-२ रोव्हरला नोव्हेंबर २०२१मध्ये सुमारे ८० मीटरवर एक ‘गूढ झोपडी’ दिसली. रोव्हर बिचारा नवखा. तो चौकशीला निघाला. जानेवारीत जवळ पोहोचला, तर एका विवराच्या काठावरचा लहानसा दगड.

५. आपला कचरा आपला म्हणू नका. २०२२ साली मंगळावरच्या पर्सिव्हिअरन्स रोव्हरला दगडाच्या बेचक्यात चकचकीत पन्नीचा तुकडा दिसला. तो त्याच्याच अवतरणयंत्रणेच्या उष्णतारोधक आवरणाचा होता. म्हणजे मंगळावर यंत्रे वापरणारी आणि कचरा टाकणारी जमात असल्याचा पुरावा मिळालाच. फक्त ती कोणती, ते सांगू नका.

६. थोरांचा आदर्श ठेवा. ज्यांना मोठे काम करायचे आहे, त्यांनी व्हायकिंग-१ यानाने २५ जुलै १९७६ रोजी कक्षेतून घेतलेला ‘मंगळावरचा चेहरा’ अभ्यासावा. टेकडीवर ऊन तिरपे पडले आणि सावल्यांचे डोळे-तोंड झाले. फोटो पृथ्वीकडे येताना काही माहिती गळाली, तिथे काळे ठिपके पडले. त्यांतल्या एकाने नाकपुडीची जागा घेतली. चेहऱ्याला नाक मिळाले ते प्रक्षेपणातल्या चुकीमुळे! मार्स ग्लोबल सर्व्हेअर यानाने १९९८ आणि २००१मध्ये जास्त बारकाईने फोटो घेतले, तेव्हा साधी टेकडी उरली. तोवर चेहऱ्याने २० वर्षे आरामात काढली होती.

धोक्याची सूचना: सगळ्या कृती नीट पाळल्या, तरी एक धोका उरतोच. चुकून शेजारचा फोटो उघडला जातो: डावा, आधीचा, जवळचा किंवा नंतरचा. २००४ साली ऑपॉर्च्युनिटीच्या फोटोंत मातीवर मिरीएवढे गोल ठिपके पसरलेले दिसले, तेव्हा शास्त्रज्ञांनी हीच चूक केली. त्यांनी पुन्हा फोटो काढले, यंत्रे टेकवून तपासणी केली. ते गोळे हेमॅटाइट या लोहखनिजाचे निघाले आणि त्या भागातले खडक एके काळी पाण्यात भिजलेले होते, याचा भक्कम पुरावा हाती आला. परग्रहवासी मात्र एकही मिळाला नाही. तुमच्या बाबतीतही असेच होऊ शकते. पाणी सापडले तरी चालणार असेल, तर खुशाल दुसरा फोटो उघडा.