मुळात भाऊकाका

"मुळात ही नदीच नाही," असं म्हणत ब्रिस्बेनच्या भाऊकाकांनी माझ्या ताटातल्या भाताला चमच्याने दोन चर पाडले आणि वरून आमटी सोडली. डावीकडची थॉमसन, उजवीकडची बारकू. विंडोरा गावाच्या वरच्या अंगाला दोघी एकत्र आल्या आणि लिंबाच्या फोडीला वळसा घालून खाली निघाल्या. "आता हिचं नाव काय?"

"बारकू?"

"कूपर क्रीक! दोन नद्या मिळून एक ओढा. पाहिलास कुठे जगात?"

मी जगात फारसं काहीच पाहिलेलं नव्हतं, आणि आमटी निवत होती.

असे काका घराण्यागणिक एक असतात. कुणाचा जीव रेल्वेच्या वेळापत्रकात, कुणाचा किल्ल्यांत. आमच्या काकांचा या ओढ्यात. घडीवर फाटलेला नकाशा, त्यावर फिरवायला काकूंची विणकामाची सुई, आणि दर वाक्याला 'मुळात'.

१८४५ साली शोधप्रवासी स्टर्ट तिथे पोचला. पाणी होतं, पण त्याला ओढ नव्हती. म्हणून त्याने इमानदारीत ओढाच म्हटलं आणि न्यायाधीश कूपर यांचं नाव दिलं. हे सांगताना स्टर्ट काकांच्याच ऑफिसात होता असं वाटतं. मिचेल या दुसऱ्या शोधप्रवाशावर मात्र काकांचा राग. त्याने पुढच्या वर्षी बारकू पाहिली, ही उत्तरेच्या किनाऱ्याला जाणार असं ठरवलं आणि व्हिक्टोरिया राणीचं नाव देऊन मोकळा झाला. "मूल बघायच्या आधी बारसं!" १८४७ मध्ये तिसरा शोधप्रवासी केनेडी काठाकाठाने गेला, तर बाई नैर्ऋत्येला वळलेल्या. राणीचं नाव गेलं, तिथल्या मूळ लोकांचं बारकू आलं.

"आणि समुद्र?" मी विचारलं.

"मुळात समुद्र नाहीच. मोठा पूर आला तर लेक एअर, समुद्रसपाटीच्या १५ मीटर खाली. नाहीतर वाळूत."

"बिचारी," काकू म्हणाल्या.

शेवटी आम्हाला तिथे न्यायचं ठरलं. हजाराहून जास्त किलोमीटर काकांनी एकट्याने गाडी हाकली. विंडोराच्या पुलापाशी चहाच्या रंगाचं पाणी पसरलं होतं. काकूंनी पिशवीतून नारळ काढला.

"अगं, मुळात ओढ्याची ओटी भरत नाहीत!"

"दोन नद्यांची लेक आहे ती. भरणार."

नारळ पाण्यात पडला. तो कुठल्या दिशेला जातो ते बघायला काका घाईघाईने काठावर उतरले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. नारळ जागचा हलला नाही.

"बघ," काका खुशीत म्हणाले, "स्टर्ट बरोबर होता!"